'विकत घ्या' म्हणजे नेमकं काय?

मागच्या महिन्यात मैत्रिणीने एक पुस्तक वाचायला मागितलं. माझ्याकडे होतं, पैसे मोजून घेतलेलं, पण फोनमध्ये. तिला द्यायचं तर फोनच द्यावा लागला असता. शेवटी तिनेही ते घेतलं. एका पुस्तकाचे दोनदा पैसे गेले आणि मालकीण दोघींपैकी कुणीच नाही.

माझं भांडण ई-पुस्तकाशी नाही, त्या बटणाशी आहे. वर ठळक 'विकत घ्या' लिहायचं आणि आपण कधीच वाचत नाही त्या अटी-शर्तींमध्ये सांगायचं, की हे पुस्तक तुमचं नाही, तुम्हाला फक्त वाचायचा परवाना दिलाय. आपल्या भाषेत याला भाडं म्हणतात.

जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' न विचारता पुसून टाकली. (असा योगायोग कुणी कथेत घातला असता तर संपादकाने कापला असता.) ज्याने ती विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसे परत केले, जेफ बेझोसने माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही अ‍ॅमेझॉनने काढली.

पैसे परत मिळाले ना, मग तक्रार कसली? असं विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न: रात्री दुकानदार तुमच्या घरात शिरला, कपाटातलं पुस्तक काढून तिथे नोटा ठेवून गेला, तर तुम्ही त्याला चहा विचाराल का?

सोय मला मान्य आहे. भाड्याच्या खोलीत कपाटाला जागा नसते, आणि परदेशातल्या मराठी वाचकाला पुस्तक मिनिटभरात मिळतं हे थोडं नाही. मीही फोनवरच वाचते. पण अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना पहिल्या पानावर अनोळखी अक्षरात 'सप्रेम भेट' दिसतं, समासात कुणीतरी लेखकाशी घातलेला वाद सापडतो. आपल्या पिढीची पुस्तकं त्या ढिगात येणारच नाहीत. आपलं खातं बंद झालं की ती आपल्याबरोबर संपतील.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: कंपनी नंतर काढून घेऊ शकेल अशा डिजिटल वस्तूवर 'खरेदी' लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. मला आपल्याकडेही एवढंच हवंय. भाडं असेल तर भाडं म्हणा, आणि किंमतही भाड्याचीच लावा. छापील पुस्तकाच्या जवळपास जाणारी नको.

मैत्रिणीला आता दुसरं पुस्तक हवंय. ते माझ्याकडे कागदाचं आहे, उद्या देणार आहे. परत येईल की नाही, तो वाद वेगळा.