ज्याची पाळी, त्याचं बटण

संध्याकाळी पेठ वडगावात वीज गेली की भाच्याचा जुना लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि स्क्रीन मात्र लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनसारखी पेटलेली राहते. "मामा, उजेड कमी व्हायना झालाय!" विंडोज १० ची सोबत १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटली, ११ त्या यंत्राला पेलेना, म्हणून लिनक्स टाकलं. तेही गनोम, केडीई असले जड डेस्कटॉप वगळून, खिडक्या मांडणाऱ्या नुसत्या विंडो मॅनेजरवर. त्या मंडळींनी उजेडाची सोय स्वतःच करून ठेवलेली असते. इथं ती करणारं कोणी नव्हतं.

लिनक्समध्ये उजेड म्हणजे एका फायलीतला आकडा. या यंत्रात कमाल ९३७. तिथं ३०० लिहिलं की काम झालं. पण फाइल रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या, मालकीची. वाचायला सगळे मोकळे, लिहायला फक्त रूट. पोरानं आकडा लिहिणाऱ्या 'इको' या आज्ञेच्या आधी रूटचा अधिकार देणारं 'सुडो' लावलं, पासवर्ड दिला, तरी उत्तर तेच: परवानगी नाही. रूटच्या अधिकारानं चालला तो फक्त इको. आज्ञेतल्या बाणाच्या चिन्हापुढची फाइल उघडायची ती शेलनं, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, आणि शेल अजून भाच्याचीच. साहेबांची सही आणली खरी, पण भलत्याच कागदावर.

लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं, ते युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलं. पुढं एका यंत्राला अनेक टर्मिनलं जोडून अनेकजण बसू लागले. तिथं यंत्राच्या अंगाला वाटेल त्यानं हात लावायचा नाही हा नियम शहाणपणाचाच होता. तो मांडीवरच्या यंत्रातही उतरला, एवढंच.

यावरचे उपाय बघा. कोणी फाइल सगळ्यांना लिहायला खुली करतो. कोणी सुडोचा पासवर्डच काढून टाकतो. कोणी सेटयूआयडीचा शिक्का मारतो. ही डेनिस रिची यांची युक्ती, तिचं पेटंट १९७९ चं. सामान्य माणसानं चालवलेला प्रोग्रॅम तेवढ्यापुरता मालकाच्या अधिकारानं चालतो. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे फाइल 'व्हिडिओ' गटाला द्यायची आणि माणसाला त्या गटात घालायचं. मला हाच सर्वांत खटकतो. डेबियनसारख्या अनेक लिनक्सांत कॅमेराही त्याच गटाच्या ताब्यात असतो. दिव्याच्या बटणासाठी किल्ली दिली आणि तिनं कॅमेऱ्याची खोलीही उघडली. तीही माणूस यंत्रासमोर नसताना, दूरवरून लॉगिन केलं तरी.

आमच्याकडं सामाईक विहिरीवर हा प्रश्न कधीच सुटलाय. मोटर चौघांची, पण स्टार्टरला हात कोण लावणार? ज्याची पाळी असेल तो. पाळी संपली की त्याचा हक्कही संपला. विहिरीचा सातबारा कोणी कोणाच्या नावावर करत नाही. लिनक्समधल्या सिस्टमडी या व्यवस्थेच्या लॉगिन सांभाळणाऱ्या लॉगइनडीनं २४३ व्या आवृत्तीत, २०१९ साली, नेमकी हीच रीत उचलली. उजेड बदलायची विनंती करणाऱ्याचं लॉगिनचं सत्र त्याचंच आहे ना आणि तो आत्ता त्या यंत्रापुढं बसलाय ना, एवढं ते बघतं आणि आकडा स्वतः लिहितं. गट नको, पासवर्ड नको. इतकी सोपी गोष्ट यायला २०१९ उजाडावं लागलं, याचं मला अजून नवल वाटतं.

भाच्यानं त्या वाटेनं जाणारं ब्राइटनेससीटीएल नावाचं साधन टाकलं आणि कीबोर्डवरच्या सूर्याच्या दोन कळा त्याला बांधल्या. पहिल्याच रात्री कौतुकानं कळ दाबत दाबत उजेड शून्यावर नेला. स्क्रीन काळी ठिक्कर. "मामा!" पुन्हा हाक. बंद करून चालू कर म्हटलं. चालू होताना सिस्टमडी जुना उजेड परत आणतं, पण पाच टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. तेवढ्या मिणमिणत्या उजेडात पोरानं कळ शोधली.