प्रात्यक्षिकाला संगणकही तसाच हवा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा-महाविद्यालयांबरोबर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांनाही कुलपे लागली. व्याख्याने भ्रमणध्वनीवर सुरू झाली. प्रात्यक्षिकांचे काय, या प्रश्नाला मात्र नीट उत्तर मिळाले नाही. टाळेबंदी उठली, पण ऑनलाइन कौशल्यशिक्षणाचा आग्रह उरला आणि त्याबरोबर तो प्रश्नही.

इतिहासाचे व्याख्यान ऐकण्यास हातातला फोन पुरतो. यंत्रभागाचा आराखडा काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तो पुरत नाही. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांना किमान ८ जीबी रॅम लागते. त्याच संगणकावर शिक्षकांचा थेट वर्गही चालू असेल, तर ४ जीबीचा जुना लॅपटॉप गुदमरतो. पडदाही एकच, शिक्षकांकडे पाहावे की स्वतः रेघ ओढावी? शिकवणाऱ्याची अडचणही कमी नाही. लेथवर हत्यार कसे बांधावे हे दाखवायचे, तर चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा निरुपयोगी. हातांवर दुसरा कॅमेरा हवा, यंत्राच्या घरघरीतही शब्द पोहोचवणारा कॉलर माईक हवा आणि वीज गेल्यास यूपीएस हवा. अंदाजपत्रकात मात्र बहुधा ‘संगणक, नग एक’ एवढीच ओळ असते!

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील ४.४ टक्के, तर शहरांतील २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने पसरला. संगणक त्या गतीने पसरलेला नाही. म्हणजे कारागिराचा मुलगा व्याख्यानाला हजर आणि प्रात्यक्षिकाला गैरहजर! ज्या समाजात विद्या हाताला चिकटते असे मानले जाते, तेथे हे चालवून घेता कामा नये.

मार्ग नाहीत असे नव्हे. केंद्र शासनाच्या आभासी प्रयोगशाळा ब्राउझरमध्ये चालतात. त्यांना महागडे यंत्र लागत नाही. मुंबई आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत आणि आंतरजालाविना पाहता येतात. वेल्डिंगचा हात मात्र पडद्यासमोर बसत नाही, त्याला कार्यशाळाच हवी. हे शासनाने स्पष्ट सांगावे.

आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या शाळांचे संगणक कक्ष सायंकाळी बंद असतात. संस्थाचालकांनी ते दोन तास या मुलांसाठी उघडावेत. जुन्या संगणकांत रॅम वाढवून हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर अनेकदा नवे यंत्र घ्यावेच लागत नाही. ज्या वाचकांच्या कार्यालयात असे संगणक धूळ खात आहेत, त्यांनी जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना याच आठवड्यात भेटावे.