ग्रॅमचे सोने, रुपयांचा नियम

मार्वेच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून मनोरीस उतरणाऱ्या पर्यटकाला कोणी पिशवी उघडावयास सांगत नाही. पण याच किनाऱ्यावरील एखादी स्त्री आखातातील दोन वर्षांची नोकरी आटोपून सहारच्या विमानतळावर उतरते, तेव्हा तिला गळ्यातील साखळीचा व हातातील बांगड्यांचा हिशेब द्यावा लागतो. हिशेब मागण्यास कोणाची हरकत असू नये. सीमाशुल्क आकारण्याचा अधिकार सरकारला १९६२ च्या कायद्याने दिला आहे आणि सोन्याच्या चोरट्या आयातीचा इतिहास मुंबईच्या किनाऱ्याला नवा नाही. प्रश्न आहे तो हिशेबाच्या मापाचा.

वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या स्त्रीने ४० ग्रॅम व पुरुषाने २० ग्रॅम दागिने शुल्काविना आणावेत, अशी सवलत २०१६ च्या नियमांत होती. परंतु त्यांची किंमत अनुक्रमे एक लाख व पन्नास हजार रुपयांच्या आत असावी, ही अटही होती. त्या वर्षी दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता. म्हणजे तेव्हाही ४० ग्रॅम या अटीत बसत नव्हते. २०२५ मध्ये भाव लाखावर गेला आणि सवलत दहा ग्रॅमवरही टिकेना. नियमाचे अक्षर तेच राहिले, अर्थ मात्र नाहीसा झाला आणि सचोटीने वागणारा प्रवासी संशयित ठरू लागला.

फेब्रुवारी २०२६ च्या नव्या नियमांनी किमतीची अट काढून केवळ वजन ठेवले, हे उचितच झाले. मात्र इतर सामानाची पन्नास हजारांची मर्यादा पंचाहत्तर हजारांवर नेताना तो आकडा पुन्हा रुपयांतच बांधला आहे. ठरावीक मुदतीने त्याचा फेरविचार झाला नाही, तर हीच तक्रार पुन्हा उद्भवेल.

दुसरी उणीव माहितीची. परदेशी जाताना मौल्यवान दागिने सोबत असल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात दाखला घेता येतो. परतताना ते दागिने आपलेच, हे त्याने सिद्ध होते. ही सोय किती जणांना ठाऊक असते? पारपत्राबरोबरच या नियमांचे मराठी पत्रक हाती दिले, तर खर्च नगण्य आणि मनस्ताप पुष्कळ वाचेल. नियम मोडणाऱ्यास शासन अवश्य व्हावे. परंतु तत्पूर्वी तो नियम त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, हे शासनाचेही कर्तव्य आहे.