सोडा की फोडा?

गेल्या दिवाळीत आमच्या मामांच्या घरी एक भांडण पेटले आणि पंच म्हणून मला बोलावणे आले. पंच नेमताना लोक पाहतात काय, तर ज्याला विषयातले ओ की ठो कळत नाही तो निःपक्षपाती! या कसोटीला माझ्याइतका उतरणारा माणूस आमच्या गोतावळ्यात दुसरा नाही. घरातला फ्यूज उडाला की मी शेजाऱ्यांना हाक मारतो. मी मराठीचा मास्तर. तारांशी माझा संबंध मोरोपंतांच्या केकावलीइतपतच, म्हणजे नाहीच.

भांडण रेडिओचे होते. गाणी ऐकायच्या रेडिओचे नव्हे, बोलायच्या. आमचे मामा 'हॅम' आहेत. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, घरच्या घरी बिनतारी केंद्र चालवणाऱ्या हौशी मंडळींना जगभर हॅम म्हणतात. या मंडळींनी धंद्याची गोष्ट बोलायची नाही, गाणी लावायची नाहीत. फक्त एकमेकांशी बोलायचे. आणि बोलायचे काय, तर बहुतेक वेळा "माझा आवाज कसा येतोय?" आणि "तुझा असा असा येतोय" एवढेच! एखाद्या वराती माणसाने जन्मभर आपला फेटा कसा दिसतो हेच विचारत हिंडावे, तसा हा प्रकार. मामींना तर या छंदाचे एकच वैशिष्ट्य दिसते: गच्चीत एवढी लांब तार, पण तिच्यावर एक टॉवेलही वाळत घालता येत नाही.

मामांचा सेट त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी स्वतः जोडलेला. आत 807 नावाचे काचेचे व्हॉल्व्ह, त्यांना सहाशे व्होल्टचा दाब. रिसीव्हर लष्करी मोडीतला, डागडुजी केलेला. दोन्ही मिळून देवघराएवढी जागा अडवतात. मामांची मुलगी इंजिनीअर. तिनेही परवाना काढला आणि एक जपानी संच आणला. पोळ्यांच्या डब्याएवढा, पुढे रंगीत पडदा, आत व्हॉल्व्ह औषधालाही नाही. लहर आत आली की तिचे लगेच आकडे होतात आणि पुढचे सगळे गणित.

मामांचा दावा असा: "जुन्या सेटवर माणूस समोर बसून बोलतो. या डब्यातले लोक नाक दाबून बोलतात. एकूण हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडातच बोलतात म्हणा!" याच कारणाने रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर भरणाऱ्या हॅमांच्या बैठकीत जाणे त्यांनी दोन वर्षांपासून सोडले होते. मुलीचे म्हणणे असे: "बाबा, तुमचा सेट तापायला अर्धा तास घेतो, तापला की जागेवरून सरकतो, आणि बोलतो त्यात निम्मी शंभर हर्ट्झची घरघर." तिला तो माळ्यावर टाकायचा होता. मामांना तो देवघराशेजारीच हवा होता.

पंचाला निदान खटला तरी कळावा म्हणून मामेबहिणीने मला पाठ दिला. म्हणाली, "दादा, एक पत्र आहे असं समज. त्याच्या दोन नकला करायच्या, दोन्ही एका हत्तीवर लादायच्या आणि हत्ती गावभर मिरवत न्यायचा. बाबांची जुनी पद्धत ही अशी. तिला ए.एम. म्हणतात. हत्ती म्हणजे वाहक लहर. त्याच्या अंगावर मजकूर काही नाही, पण चारा सगळ्यांत जास्त तोच खातो. दीडशे वॅट खर्च केले तर शंभर हत्तीचे, आणि पंचवीस-पंचवीस दोन नकलांचे. नव्या पद्धतीत, म्हणजे एसएसबीत, हत्तीही घरी आणि एक नक्कलही घरी. एकच पत्र जातं, पण सगळी ताकद त्याच्यामागे. रस्ताही निम्माच अडतो."

"मग तोटा काय?" मी पंचाच्या सुरात विचारले.

"पत्र पोचतं तिथे हत्ती लागतोच. तो त्या सेटनं आपला आपण उभा करायचा. उंचीत थोडी चूक झाली की माणूस बदकासारखा बोलू लागतो."

मला वाटले, निकाल सोपा आहे: जुने गोड, नवे काटकसरीचे. पण पुढे ऐकत गेलो तसा गुंता वाढला. 1950 नंतर आकाशात गर्दी वाढली आणि एसएसबीचा प्रसार झाला तो व्हॉल्व्हच्याच सेटांतून. त्यांत अमेरिकेतल्या कॉलिन्स कंपनीचे सेट अजून हॅम लोक पूज्य मानतात. त्यांतला फिल्टर आवाजाचा अवघा 2.1 किलोहर्ट्झचा पट्टा आत सोडी. आजचा पोळ्यांचा डबा शंभर हर्ट्झपासून एकोणतीसशेपर्यंत आवाज पाठवू शकतो. म्हणजे जुन्यातले नावाजलेले ते नव्यापेक्षा अरुंद! मामांचा चेहरा उतरला. पण लगेच मुलीलाही एक कबुली द्यावी लागली. तिच्या संचातले ट्रान्झिस्टर मोटारच्या बॅटरीइतक्या दाबावर राबतात. त्यामुळे जोर केला की आवाजाचे शिंतोडे शेजारच्या जागेत उडतात. उंच दाबावरचे चांगले व्हॉल्व्ह याबाबतीत अधिक सोवळे. जुन्या माइकांचा गोडवाही ऐकीवच. मामांच्या तरुणपणचा स्फटिकाचा माइक स्वभावाने तिखट होता, आणि त्याच्या पोटातले रोशेल मीठ दमट हवेला भिणारे. मामा तेव्हा गिरगावात राहत. दोन पावसाळ्यांत माइक मुका झाला.

इथे माझ्या धंद्यातले एक ज्ञान मला आठवले आणि पंच म्हणून माझी किंमत थोडी वाढली. स्वर खालच्या पट्टीत असतात, पण बोलण्याचा अर्थ पुष्कळसा व्यंजनांत असतो. 'श'चा फुत्कार अडीच हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, म्हणून तो अरुंद फटीतूनही निसटतो. 'स'चे मात्र बहुतेक बळ चार हजारांच्या वर. फट अरुंद झाली की 'स' बाहेर राहतो आणि ऐकणाऱ्याला 'फ' वाटतो. इंग्रजीतही एफ आणि एस यांचा असाच घोटाळा होतो. म्हणून बिनतारीवर 'फॉक्सट्रॉट' आणि 'सिएरा' असे अख्खे शब्द उच्चारतात.

मामा गंभीर झाले. 1993 साली किल्लारीच्या भूकंपात हॅम मंडळी आपले संच घेऊन तिकडे धावली होती. मामाही गेले होते. "तिथे मी माणसांची नावं सांगत होतो," ते म्हणाले. "आवाज गोड आहे का, हे कोणी विचारत नव्हतं. एक अक्षर चुकलं तर भलत्याच घरी रडारड झाली असती."

मग मी परीक्षाच घ्यायचे ठरवले. वीस शब्दांची यादी केली: सोडा-फोडा, सार-फार, सळ-फळ, सांदी-फांदी, आणि मध्ये पेरलेले इतर. मामांचे एक जुने स्नेही कोल्हापूरला आहेत. त्यांच्याकडे जुना ए.एम. सेटही आहे आणि नवाही. ते यादी उलटसुलट करून एकदा जुन्यावरून वाचणार, एकदा नव्यावरून. इकडे जुने जुन्यावर ऐकायचे, नवे नव्यावर. मी आणि मामा पाठमोरे बसून उत्तरपत्रिका लिहिणार. धनत्रयोदशीच्या दुपारी चार वाजता पुण्यात ही परीक्षा सुरू झाली.

माझा निकाल आधी सांगतो. जुन्या सेटवर वीसपैकी अठरा, नव्यावर तेरा. कोल्हापूरचे गृहस्थ खरोखरच समोर बसून बोलत होते. त्यांनी 'सोडा' म्हटले की सोडाच ऐकू येई. मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाहिलंस?"

एवढ्यात सहा वाजले. समोरच्या इमारतीने दिव्यांच्या माळा लावल्या. त्या माळांचे स्वस्तातले अडॅप्टर म्हणजे एकेक छोटे, बेशिस्त ट्रान्समीटरच. जुन्या सेटातून अशी खरखर उसळली की कोल्हापूर बुडाले. नव्या संचावर मात्र त्याच गदारोळातून बारीक, नाकातला, पण समजेल असा आवाज येतच राहिला. आता मुलगी म्हणाली, "पाहिलंत?"

माझ्या मनात निवाडा तयार झाला: शांततेत जुने, गोंगाटात नवे. तो जाहीर करण्यापूर्वी रीतसर मामांची उत्तरपत्रिका तपासायला घेतली, आणि माझी पेन्सिल थांबली.

मामांच्या दोन्ही फेऱ्यांत चुका त्याच होत्या. सोडाचे फोडा, सारचे फार, सांदीचे फांदी. जुन्या सेटवरून आलेला 'स' मी स्वच्छ ऐकला होता. त्याच खोलीत, त्याच लाउडस्पीकरमधून मामांपर्यंत तो पोचलाच नव्हता. ज्या सेटच्या गोडव्यासाठी ते दोन वर्षे मुलीशी भांडत होते, तो गोडवा त्यांच्या कानांना आता ऐकूच येत नव्हता. ते ऐकत होते ती आठवण.

वीस वर्षे मी पेपर तपासतो आहे. काठावरच्या पोराला दोन गुण वाढवून देताना माझा हात कधी अडखळला नाही. याही वेळी वाटले, कागद खिशात घालावा आणि 'बरोबरी झाली' म्हणून चहा मागावा.

"दे इकडे," मामा म्हणाले. "किती पडले?"

मी कागद दिला. त्यांनी चष्मा पुसला. यादीशी ताडून पाहिले. मग माझ्या हातची पेन्सिल घेऊन स्वतःच एकेका 'स'भोवती गोल काढला. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ते मुलीला म्हणाले, "सेट दोन्ही बरे आहेत गं. फिल्टर माझाच अरुंद झालाय."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून मी दोन वर्षं घसा फोडतेय!"

"'सोडतेय' म्हणालीस की 'फोडतेय'?" मामांनी विचारले, आणि पहिल्यांदा सगळे हसलो.

वय वाढते तसे कानांतून उंच सूर आधी जातात. जाताना निरोप घेत नाहीत. माणसाला वाटते, जगच पुटपुटू लागले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माळा विझलेल्या असताना, मुलीने तिसरी फेरी घेतली. कोल्हापूरचा जुना सेट, इकडे मात्र नवा संच. तोही ए.एम.वर लावलेला, फिल्टर रुंद म्हणजे नऊ किलोहर्ट्झचा, उंच सूर चढवलेले, आणि मामांच्या कानांवर हेडफोन. मामांचे चार 'स' परत आले. सगळे आले नाहीत. भाऊबीज झाल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले, तेही मामांनीच ठरवले.

पण मला आठवते ते त्यानंतरचे संभाषण. मामांनी माइक उचलला आणि कोल्हापूरला उघडपणे सांगून टाकले, "माझे कान गेलेत बाबा. 'स' ऐकू येत नाही. इतके दिवस मी तुझ्या माइकला नावं ठेवत होतो."

पलीकडे क्षणभर नुसती वाहक लहर. मग आवाज आला, "अरे, मग सांगायचं नाहीस का? मी दोनदा बोललो असतो."

तेव्हापासून ते 'स'चा शब्द आला की दोनदा बोलतात, आणि मामा पुन्हा सकाळच्या बैठकीला जातात. जुना सेट देवघराशेजारीच आहे. रविवारी तापवतात. आवाजासाठी नव्हे, आतला तांबूस जाळ बघायला, असे आता स्वतःच सांगतात. माझा निवाडा मात्र अजून माझ्याजवळच आहे. तो कोणी मागितला नाही.