विश्लेषण : ‘वॉटरप्रूफ’ वॉकीटॉकी म्हणजे नेमके काय? आयपी ५४, आयपी ६७ या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

विसर्जन मिरवणुकीत गर्दीमुळे मोबाइलचे नेटवर्क कोलमडते, तेव्हा कार्यकर्त्यांचा भरवसा वॉकीटॉकीवर असतो. त्यात वरून पाऊस आणि चहूबाजूंनी गुलाल! ऐन वेळी संच बंद पडला, तर गर्दीत अडकलेल्या माणसापर्यंत मदत पोहोचायला उशीर होतो. ऑनलाइन विक्रीत अनेक संचांपुढे ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेले असते. पण या शब्दापेक्षा महत्त्वाचे असतात ते ‘आयपी’नंतरचे दोन आकडे.

आयपी मानांकन म्हणजे काय?

आयपी म्हणजे ‘इन्ग्रेस प्रोटेक्शन’, अर्थात धूळ-पाणी आत शिरण्यापासून संरक्षण. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या (आयईसी) ६०५२९ या मानकात त्याच्या चाचण्या ठरवून दिल्या आहेत. पहिला आकडा धुळीसाठी (० ते ६), दुसरा पाण्यासाठी (० ते ९). आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल, तर त्या बाबतीतले मानांकन दिलेले नाही, एवढाच अर्थ. म्हणजे ‘आयपीएक्स ७’ संच पाण्यात टिकेल, पण धुळीबाबत त्यावरून काहीच कळत नाही.

धुळीचा आकडा का महत्त्वाचा?

चाचणीसाठी संच बंद पेटीत ठेवून त्याभोवती टाल्कसारखी बारीक पूड उडवली जाते. ‘५’ म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण काम बिघडणार नाही. ‘६’ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. गुलाल, सिमेंट किंवा दगडखाणीतली भुकटी यांच्याशी रोजची गाठ असेल, तर ‘६’च पाहावा.

पाण्याच्या आकड्यांत फरक काय?

‘४’ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे. ‘५’मध्ये मिनिटाला सुमारे १२.५ लिटर पाण्याचा फवारा मारतात, ‘६’मध्ये सुमारे १०० लिटरचा जोरदार झोत. ‘७’मध्ये संच १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवतात. ‘८’ची चाचणी त्याहून कठीण असते, पण किती खोल आणि किती वेळ, हे उत्पादक ठरवतो. त्यामुळे दोन ‘आयपी ६८’ संच सारखेच असतील असे नाही. माहितीपत्रकातील खोली आणि वेळ वाचायलाच हवी.

मोठा आकडा म्हणजे सगळ्यात चांगला संच?

नेहमीच नाही. ६ पर्यंतचे आकडे चढत्या क्रमाने आहेत. पण बुडवण्याची चाचणी (७ किंवा ८) उत्तीर्ण झालेला संच पाण्याचा झोत सोसेलच, असे मानक गृहीत धरत नाही. दोन्ही हवे असेल, तर ‘आयपी ६६/६७’ असा दुहेरी उल्लेख शोधावा. पावसात फिरण्यासाठी आयपी ५४ किंवा ५५ पुरेसे ठरते. नदी, तलाव किंवा होडीवर काम असेल, तर ‘७’ हवाच.

मानांकनात काय येत नाही?

या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यामुळे चार्जिंगचे धातूचे बिंदू गंजू शकतात. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर वापरलेला, बुडवण्याचे मानांकन असलेला संच झाकणे लावून गोड्या पाण्याने धुवावा आणि पूर्ण कोरडा करूनच चार्ज करावा. साबणाचे पाणी, वाफ आणि उंचावरून पडणे हेही यात मोजलेले नसते. आपटण्यासाठी ‘मिल-एसटीडी-८१०’सारख्या वेगळ्या चाचण्या असतात.

शिवाय मानांकन हे नव्या संचाचे असते. बॅटरी आणि अँटेना घट्ट बसवलेली, इअरफोनच्या जागेवरचे रबरी झाकण लावलेले, असे त्यात धरलेले असते. ते झाकण उघडे ठेवून किंवा साधा इअरफोन जोडून पावसात फिरलात, तर खोक्यावरच्या ‘६७’ला अर्थ राहत नाही. पडझडीनंतर आणि जुन्या झालेल्या रबरी सीलमुळेही पाणी शिरू शकते.

खरेदीपूर्वी आणखी काय पाहावे?

संच कायदेशीर आहे का, हे आधी पाहा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी क्षमतेच्या संचांना वापराचा परवाना लागत नाही, पण त्यांना ‘उपकरण प्रकार मान्यता’ (ईटीए) आवश्यक असते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बेकायदा वॉकीटॉकी विक्रीप्रकरणी ई-कॉमर्स मंचांना नोटिसा बजावल्या आणि मार्गदर्शक सूचनाही काढल्या. जाहिरातीत वारंवारिता किंवा मान्यतेचा उल्लेख नसेल, तर आयपी मानांकन कितीही चांगले असो, त्या संचापासून दूर राहिलेले बरे.

थोडक्यात, ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर विसंबू नका. दोन्ही आकडे वाचा, खोली आणि वेळ तपासा आणि बाहेर पडण्यापूर्वी रबरी झाकण बोटाने दाबून पाहा.