बदलून टाका, काका!

गाडीतला टेप चालता चालता बंद पडतो, अशी तक्रार घेऊन कुठल्याही कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जा. (कॅसेट जाऊन जमाना झाला, नवी मंडळी 'सिस्टीम' म्हणतात, पण आमच्या पिढीच्या तोंडी टेपच बसलाय. चालवून घ्या.) दुकानातला मुलगा पहिलं वाक्य काय बोलेल ते मी घरबसल्या सांगतो. "बदलून टाका, काका!" कधी बंद पडतो, किती वेळाने पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो का, यातलं एक अक्षर तो विचारणार नाही.

माझं भांडण या तीन शब्दांशी आहे. वस्तू बदलणं वेगळं आणि बिघाड दुरुस्त करणं वेगळं. कारण न शोधता वस्तू बदलली आणि बिघाड गेला, तर तो योगायोग. नाही गेला, तर गिऱ्हाइकाचे पैसे गेले. दुकानाचं बिल मात्र दोन्ही वेळा तेवढंच! याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

आमच्या पुतण्याचंच घ्या. (तो हे वाचतो. परवानगी घेतली आहे.) गाडीबरोबर आलेला साधा सेट काढून त्याने बाहेरून मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड सेट बसवून घेतला. महिनाभर छान चाललं. मग खराब रस्ता आला की पडदा काळा व्हायला लागला. अर्ध्या मिनिटाने सेट पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि पुढचा खड्डा आला की पुन्हा अंधार. दुकानदाराने आधी सेट बदलून दिला, वर साडेतीन हजार घेऊन. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी तेच. मग म्हणाला, "स्पीकर जुने आहेत तुमचे." स्पीकर बदलले. मग म्हणाला, "बॅटरी डाऊन असणार." बॅटरी बदलायच्या आधी सुदैवाने कोणीतरी त्याला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं.

त्या गृहस्थांनी आधी दोन प्रश्न विचारले. खड्ड्यातच बंद पडतो की सपाट रस्त्यावरही? आणि नुसता झोपून जागा होतो की पार पहिल्यापासून सुरू होतो? उत्तरं ऐकून म्हणाले, "पिवळी नाहीतर काळी." सेट बाहेर ओढला, चालू ठेवला, मीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरं सेटच्या काळ्या वायरीला लावलं. तिथे आकडा शून्याच्या जवळपास हवा. डॅशबोर्डच्या आतल्या पट्टीवर बोटाने ठोकलं की तो आकडा उडायचा. काळी वायर त्या पट्टीच्या रंग दिलेल्या भागावर एका स्क्रूखाली नुसती दाबून ठेवली होती! रंगावरून वीज जात नाही, स्क्रूच्या आट्यांतून जेवढी जाईल तेवढीच. खड्डा आला की तीही तुटायची. त्यांनी रंग खरवडला, वायरीला कडीची लग दाबून बसवली, बोल्ट आवळला. वीस मिनिटं, दोनशे रुपये. बंद पडणं तेव्हापासून थांबलं ते थांबलंच. साडेतीन हजार आणि स्पीकरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

यात जादू काही नाही. सेट कसा बंद पडतो तेच सांगत असतं की बिघाड कुठे आहे. बाहेरून घेतलेल्या बहुतेक सेटच्या मागे तीन महत्त्वाच्या वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीची, कायम चालू. लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणारी. काळी बॉडीला जाणारी, म्हणजे अर्थ. (गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून रंगावर विसंबायचं नाही, मीटर लावायचा.) सेट पूर्ण विझला आणि लावून ठेवलेली स्टेशनंही विसरला, तर पिवळी किंवा काळी तुटते आहे. विझला पण सगळं लक्षात ठेवून उठला, तर लाल तपासा. किल्ली काढली की दर वेळी विसरत असेल, तर लाल-पिवळीची अदलाबदल झाली आहे का ते आधी बघा.

पडद्यावर उजेड आहे आणि फक्त आवाज गेला, तर पुरवठ्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. स्पीकरच्या वायरी बघायच्या. एकाच दाराचा आवाज जात असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर आतून तुटलेली असू शकते, कारण दार उघडताना ती दर वेळी वाकते. चारही स्पीकर एकदम गप्प होत असतील, तर कुठेतरी उघडी वायर पत्र्याला टेकते आहे आणि सेट स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो आहे, असा संशय घ्यावा. फक्त मोठ्या आवाजात बंद पडतो? वायर बारीक असेल, किंवा एकाच जोडणीवर दोन-दोन स्पीकर लादले असतील. उन्हात उभी केलेली गाडी काढल्यावर अर्ध्या तासाने पडतो? सेट तापतो आहे. रेडिओ नीट आणि फोनवरचीच गाणी थांबतात? मग फोन बघा, बॅटरी वाचवायच्या नादात तोच गाण्यांचं अ‍ॅप बंद करत असेल. घाटात फक्त एफएम जातो? तो डोंगराचा प्रताप, एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. आणि गाडी धावायला लागली की सेटवरचा सिनेमाच तेवढा थांबतो, अशी तक्रार असेल तर तो बिघाडच नाही. चालकाने रस्त्याकडे बघावं म्हणून तशी सोय मुद्दाम केलेली असते. ती 'दुरुस्त' करून देणारे महाभाग आहेत. त्यांच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल!

म्हणजे गिऱ्हाइकाला विचारायचे सहा-सात प्रश्न आणि एक मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. एवढ्यावर निम्मी वाट चालून होते.

याच्या मागचं विज्ञान ज्याने सांगितलं तो माझ्याच जातकुळीतला, म्हणजे मास्तर होता. जॉर्ज सायमन ओहम कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. शाळेच्याच प्रयोगशाळेत तारा मोजून मोजून त्याने १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याच देशात तेव्हा त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध, हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. आता ते टेपला लावा. सेट मोठ्या आवाजात दहा अँपिअर ओढतो आणि वायरीच्या कच्च्या जोडाचा रोध एक दशांश ओहम आहे असं धरू. दहा गुणिले एक दशांश, म्हणजे एक व्होल्ट त्या जोडातच संपला. शिवाय दहा वॉट उष्णता त्याच जागी, डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या शेजारी. आता सेट कितीही महागाचा आणा, जोड तोच राहिला तर व्होल्ट तिथेच जाणार. नववी-दहावीच्या मुलाला सुटणारं हे गणित आहे.

यावर मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं, "काका, शोधत बसायला वेळ कोणाला आहे?" मान्य, अधूनमधून पडणारा बिघाड दुकानासमोर उभ्या गाडीत दिसत नाही. मग तो दिसेल असं करा. किल्ली चालू ठेवून एकेक वायर हलवून बघा, मीटर लावून एक चक्कर मारा. शेजारी बसलेल्याला (चालकाला नव्हे!) चार दिवस नोंद ठेवायला सांगा: रस्ता कसा होता, ऊन होतं का, आवाज किती होता, रेडिओ की फोन. या नोंदीला काही खर्च नाही.

दुसरं, "कधी कधी सेटच खराब असतो." असतो ना! दुकानातला चालू असलेला सेट तात्पुरता लावून बघणं ही उत्तम चाचणी आहे. बिघाड गेला तर नवा घ्या, राहिला तर आपला जुना परत लावा आणि पुढे शोधा. पण चाचणी म्हणून लावलेल्या सेटचं बिल फाडलं, की ती विक्री झाली.

तिसरं उत्तर गाडीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांचं. "बाहेरचा सेट लावलाय ना? मग आम्ही हात लावणार नाही." दिवा लुकलुकला तरी दोष बाहेरच्या सेटचा. गंमत अशी की मोटारीतला रेडिओ मुळात बाहेरचाच! शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला या नावाने मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला. इंजिनच्या ठिणगीमुळे तेव्हाच्या रेडिओत खरखर यायची. लोकांनी खरखरीचं कारण शोधलं, प्लगच्या वायरींना रोधक जोडले आणि ती आटोक्यात आणली. बाहेरची वस्तू गाडीत नीट बसवता येते, मात्र ती नीट बसवावी लागते. गाडीची मूळ वायर मध्येच कापून, पिळा मारून वर चिकटपट्टी गुंडाळली तर दोष सेटचा नाही, बसवणाऱ्याचा. त्या गाडीला चालणारा कपलर बाजारात मिळत असेल तर तो घ्यावा, म्हणजे एकही वायर कापावी लागत नाही.

टेपच तो, बंद पडला तर बिघडलं काय, असं आमच्याच घरातल्या काही मंडळींना वाटेल. दोन गोष्टी बिघडतात. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. पडदा काळा झाला की चालकाचा हात आणि डोळे तिकडे वळतात. दोन सेकंद वळले, तर चव्वेचाळीस मीटर रस्ता न बघता गाडी गेली. दुसरी गोष्ट त्या पिवळ्या वायरीची. तिच्यात किल्ली काढल्यावरही वीज असते. पिळा मारलेल्या जोडावरच्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो, पट्टी सरकते, तांबं उघडं पडतं आणि पत्र्याला टेकतं. सेटच्या पाठीवरचा फ्यूज इथे काही वाचवत नाही, कारण जोड त्याच्या अलीकडे आहे. गाडीच्या पेटीतला फ्यूज वाचवतो, पण तो योग्य असेल तर. "फ्यूज सारखा उडतो" म्हणून कोणी दहाच्या जागी तीसचा घातला असेल, तर मग वायरच जळते. बंद पडणारा टेप हा पुष्कळदा याच कच्च्या जोडाचा पहिला निरोप असतो. तो न ऐकता नवा टेप बसवणं म्हणजे निरोप आणणाऱ्याला घालवून देणं.

आता सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारावा, तर तेही न्यायाचं नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक खोक्याचे पैसे देतं, डोक्याचे देत नाही. पंधरा हजारांच्या सेटवर हजाराची सूट मिळाली की खूश होणारा माणूस, तासभर मीटर लावून बिघाड शोधणाऱ्याने तीनशे मागितले की म्हणतो, "केलंत काय तुम्ही? एक स्क्रू तर आवळलात!" डॉक्टरांनी तपासून फक्त गोळी दिली, तरी फी देतोच ना आपण? शोधण्याला दाम नाही आणि विकण्याला आहे, म्हटल्यावर दुकानदार विकणारच. त्याचंही पोट आहे.

आणि तो मुलगा? सहा महिन्यांत तो एकही ओरखडा न पाडता डॅशबोर्ड उघडायला शिकलेला असतो. हात चांगलाच असतो त्याचा. त्याच्या हातात कोणी मीटर दिला नाही, आधी प्रश्न विचार असं कोणी सांगितलं नाही. वर्गातही अशी मुलं पाहिली आहेत, पाठ केलेलं उत्तर धाडकन देणारी. प्रश्न जरा बदलला तरी उत्तर तेच. त्याला दोष मुलांना देऊन चालत नाही, ज्यांनी तसं शिकवलं त्यांना द्यावा लागतो.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. दुकानांनी तपासणीची फी वेगळी लावावी आणि आपण ती कुरकुर न करता द्यावी. "बदलून टाका" असं कोणी म्हणालं, की विचारावं, "कशावरून? मीटर लावून दाखवा." दाखवला तर पैसे द्यावेत, वर चहाही पाजावा. नाही दाखवला तर किल्ली उचलावी आणि पुढच्या दुकानात जावं. घरी स्वतः हात घालणाऱ्यांनी आधी बॅटरीचं वजा टोक सोडावं, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला चुकूनही टेस्टर लावू नये.

आमच्या पुतण्याच्या दोन्ही जुन्या स्पीकरांना काहीही झालेलं नाही. माळ्यावर पडून आहेत. कोणाला हवे असतील तर घेऊन जा, बदलून टाकलेले आहेत!