माठावर नाव कुणाचे?

जपानचे कुंभार शोजी हमादा यांनी इंग्लंडहून मायदेशी परतल्यावर भांड्यांवर सही करणे सोडले. 1955 मध्ये सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवले, तरी भांडी निनावीच राहिली. (सही लाकडी पेटीवर असे, आणि संग्राहक ती पेटीही जपत.) इकडे पुणे जिल्ह्यातला जुन्नर 2018 मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला. तिथल्या आणि शेजारच्या आंबेगावातल्या कुंभाराने माठावर नाव घालावे का, या प्रश्नात हमादांचा दाखला दोन्ही बाजूंना वापरता येतो.

नाव नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. संक्रांतीची सुगडी किंवा नवरात्रीचा घट घेताना कुणी घडवणाऱ्याचे नाव विचारत नाही. नाव आले की किंमत चढते आणि रोजची वस्तू काचेच्या कपाटात जाते. शिवाय कलावस्तू म्हणून खपणारे स्टोनवेअर बाराशे अंशांच्या आसपास भाजावे लागते. गावच्या लोहयुक्त गाळमातीचे भांडे त्या आचेत मऊ पडून खाली बसते. म्हणजे माती विकतची, भट्टी गॅसची आणि कर्ज कुंभाराचे. झिलईचा माठ पाझरतही नाही, मग पाणी गार कसे होणार?

मात्र सण चार, पोट बारा महिन्यांचे. फ्रिज आणि प्लास्टिकच्या जारने गिऱ्हाईक नेले. बलुते मोडले, पण मातीच्या भांड्याचा भाव बलुत्याच्या सवयीचाच राहिला. हमादा जिथे स्थायिक झाले ते जपानमधले माशिको हे टोकियोच्या स्वयंपाकघरांना भांडी पुरवणारे गाव. हमादांनी तिथलीच माती आणि तिथलीच झिलई वापरली, आणि आज तिथे शेकडो कुंभार काम करतात.

दुसरीकडे, हमादा तंत्रशाळेत शिकून माशिकोत आलेले होते. ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच आणि हमादा यांनी 1920 मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला उभारलेल्या कार्यशाळेत पुढे काम केलेल्या आपल्या निर्मला पटवर्धनही कलाशिक्षणातूनच मातीकडे वळल्या. नावाचा पहिला लाभ शिकलेल्याला मिळतो, ही शंका म्हणूनच रास्त आहे.

तरीही आमचा कल नावाकडे आहे, पण सहीकडे नाही. भाजण्याआधी बुडाला गावाचा आणि घडवणाऱ्याचा शिक्का उमटवावा. माती, घाट आणि आवा आहे तोच राहू द्यावा. शिवनेरीच्या पायथ्याशी किंवा लेण्याद्रीला असा माठ थोडा महाग विकला, तरी सुगडी स्वस्तच राहतील. आव्यात तडकलेली भांडी आणि पावसाळ्यात थांबलेले चाक यांचा खर्च मात्र त्या माठाच्या किमतीत उघडपणे धरावा लागेल, आणि घासाघीस करणाऱ्या पर्यटकाला तो सांगावाही लागेल.